जून बोकड आणि मोठी सुरमई

मटणाच्या दुकानात उभा असलेला माणूस खाटकाला आधी सांगतो, "कोवळं बघून द्या." हाच माणूस पुढच्या रविवारी मासळी बाजारात जातो आणि कोळणीच्या पाटीतल्या सगळ्यात मोठ्या सुरमईपाशी थांबतो. लहान सुरमईकडे तो बघतही नाही. चार-पाच किलोची सुरमई घरी आली की शेजारीपाजारी सांगितलं जातं, तुकड्यांचे फोटो भावकीच्या ग्रुपवर जातात. एका दुकानात वय नको असतं, दुसऱ्या दुकानात तेच हवं असतं. निव्वळ जिभेपुरतं बोलायचं तर दोन्ही ठिकाणी त्याचं बरोबर आहे. तरीही जून बोकडाला आपण उगाच नाकारतो आणि मोठ्या माशाला उगाच डोक्यावर घेतो, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं मांसाच्या आत आहेत.

शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या, डुकरं ठरावीक वयापर्यंत वाढतात आणि थांबतात. तीन वर्षांचा आणि सात वर्षांचा बोकड शेजारी उभे केले तर नुसत्या आकारावरून वय सांगणं अवघड. म्हणूनच बाजारात जनावराचं तोंड उघडून दात बघतात आणि 'दोन दाती', 'चार दाती' असा भाव ठरतो. माशाचं तसं नसतं. बहुतेक मासे जगतात तोवर वाढत राहतात, उतारवयात वेग मंदावतो एवढंच. त्यामुळे एकाच जातीच्या माशांत मोठा तो बहुधा म्हातारा. नेमकं वय हवं असेल तर डोक्यात शोधावं लागतं. घोळ किंवा ढोमा यांच्या डोक्याचं कालवण खाताना कधीकधी दाताखाली पांढरा, कडक खडा येतो. तो माशाच्या कानातला खडा. माशाच्या वयाबरोबर त्याच्यावर थर चढत जातात. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसे हे थर मोजून मत्स्यशास्त्रज्ञ वय काढतात.

आता मांस चिवट का होतं ते पाहू. मांस म्हणजे मुख्यतः स्नायूंचे बारीक तंतू. या तंतूंच्या जुड्या बांधून ठेवणारं आणि स्नायू हाडाला जोडणारं जे पांढरट आवरण असतं, ते प्रामुख्यानं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं. जनावराचं वय वाढतं तसे कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये आपापसांत रासायनिक सांधे जुळत जातात. कोलॅजेनचं प्रमाण फारसं वाढत नाही, त्याची बांधणी पक्की होते. करडाच्या मांसातलं कोलॅजेन चुलीवर लवकर सैल पडतं. जून बोकडाच्या मांसातलं आधी आखडतं, तंतूंना आवळून त्यांच्यातलं पाणी बाहेर काढतं आणि मग कितीतरी वेळानं विरघळू लागतं. अर्धवट शिजलेलं जून मटण कच्च्याहून चामट लागतं ते यामुळे. अशा वेळी पुष्कळजण हताश होऊन गॅस बंद करतात आणि खाटकाला दोष देतात. खरं तर भांडं आणखी तासभर चुलीवर हवं असतं.

अंगात सगळीकडे ही बांधणी सारखी नसते. पाठीलगतचे स्नायू कमी राबतात, तिथली चाप मऊ असते. मान, खांदा, पायाच्या नळीलगतचं मांस दिवसभर राबतं, तिथं कोलॅजेन भरपूर. पण एकदा ते विरघळलं की त्याचं जिलेटिन होतं, आणि रश्शाला जे अंग येतं, बोटं एकमेकांना चिकटावीत असा जो दाटपणा येतो, तो या जिलेटिनचा. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्याचा पाया असलेलं अळणी पाणी नुसत्या कोवळ्या चापेचं केलं तर पाणचट होतं. चवीचंही तसंच. वयानं वाढलेल्या जनावराच्या स्नायूत मायोग्लोबिन जास्त, म्हणून रंग गडद. चवीची द्रव्यंही जास्त. सहा आठवड्यांच्या आतबाहेर दोन किलोची होणारी ब्रॉयलर कोंबडी आणि परसात दोन वर्षं उकिरडा उकरून खाल्लेली गावठी कोंबडी यांच्या रश्शातला फरक कोकणात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वड्यांबरोबर जो रस्सा लागतो तो दुसरीचाच.

जुन्या कोंबडीची रीत आपल्याकडे होतीच. तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण चोळून ते जाड बुडाच्या पातेल्यात घालायचे, खाली पाणी घालायचं नाही. पातेल्यावर खोलगट ताट झाकण म्हणून ठेवायचं आणि पाणी ओतायचं ते त्या ताटात. आत कोंबडीला स्वतःचं पाणी सुटतं, वाफ ताटाच्या तळाला लागून थंड होते, थेंब होऊन परत मांसावर पडते. ताटातलं पाणी तोवर गरम होतं, लागेल तसं तेच आत घालायचं आणि ताटात नवं ओतायचं. गार पाणी कधीच घालायचं नाही, कारण त्यानं उकळी मोडते आणि कोलॅजेन सुटायची क्रिया रेंगाळते. ब्रॉयलर वीस-पंचवीस मिनिटांत होते, जून कोंबडीला दीड-दोन तास द्यावे लागतात. कुकरमध्ये तापमान 120 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, त्यामुळे वेळ पुष्कळ वाचतो. शिट्ट्यांची गडबड न करता पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून पाऊण तास ठेवलं तर जून बोकडही हाडापासून सुटतो. कच्च्या पपईचा वाटा मात्र आपण समजतो त्याहून मर्यादित आहे. तिच्यातलं पपेन प्रथिनं तोडतं, पण ते तुकड्याच्या पृष्ठभागापासून फार आत शिरत नाही. मोठ्या तुकड्यांना रात्रभर पपई लावली तर बाहेरून लगदा होतो आणि आतला चिवटपणा तसाच राहतो. पपई खिम्याला किंवा पातळ कापांना लावावी.

जुन्या जनावराची किंमत इतरांनीही पुन्हा ओळखली आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांवरच्या मेंढीचं मांस ताटातून जवळजवळ गेलं होतं, सगळे कोकराच्या मागे लागले होते. 2004 साली तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी थोराड मेंढीच्या मांसासाठी मोहीम सुरू केली. स्पेनच्या बास्क प्रांतात तर दूध देऊन थकलेल्या म्हाताऱ्या गायीच्या मांसाला मोठा मान आहे. तिच्या अंगात वर्षानुवर्षं साठलेली पिवळसर चरबी हीच तिथं चव मानतात.

मटणाच्या चिवटपणाचं एक कारण वयाशी संबंधित नाही, पण त्याचा आळ वयावर येतो. जनावर कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात. मग ते हळूहळू सैल पडतात. आपल्याकडे सकाळी बोकड कापला जातो आणि दुपारी पातेल्यात असतो, म्हणजे नेमक्या ताठरलेल्या अवस्थेत. हेच मटण फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस ठेवून शिजवलं तर जनावर तेच असूनही मऊ लागतं. ताजं म्हणजे आत्ता कापलेलं, ही समजूत माशाला लागू आहे, बोकडाला नाही.

वयाची खरी अडचण वासात आहे, आणि तीही नरांपुरती. वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडाच्या चरबीत काही मेदाम्लं तयार होतात, त्यांचा तो ओळखीचा उग्र दर्प. लहानपणी खच्ची केलेला बोकड कितीही मोठा झाला तरी हा दर्प येत नाही. डुकराच्या नरातही तसंच होतं. अँड्रोस्टेनोन हे नरसंप्रेरकांच्या जातीचं द्रव्य आणि आतड्यात तयार होणारं स्कॅटोल, दोन्ही चरबीत साठतात. रानातला मोठा सुळेवाला डुक्कर शिकाऱ्याला फुशारकी मिरवायला चांगला, खायला त्याच्या कळपातली तरुण मादी बरी. स्कॉटलंडच्या डोंगरात तांबड्या हरणांची शिकार करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा तिथल्या नरांचा माजाचा काळ. नर खाणं जवळजवळ सोडतो, माद्या राखत पळत राहतो, चरबी झडते आणि मांसाला उग्र वास येतो. त्या दिवसांतलं मोठ्या शिंगांचं हरीण भिंतीवर लावतात, ताटासाठी माद्यांचा हंगाम येण्याची वाट बघतात.

शिकारीच्या मांसाला आणखी एक गोष्ट नडते. पाठलागात जनावराच्या स्नायूतली साखर संपते. मेल्यावर स्नायूत जे आम्ल तयार व्हायला हवं ते पुरेसं होत नाही, मांस काळपट, कोरडं राहतं आणि लवकर खराब होतं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात शिकारीवर, मासेमारीवर आणि रांधण्यावर सविस्तर लिहिलं आहे. म्हणजे हे तीन विषय एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी नांदत होते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, आणि तो संपायलाच हवा होता. रानात आज जी जनावरं उरली आहेत ती आपल्या पातेल्यासाठी नाहीत.

माशाकडे वळलं की सगळे नियम बदलतात. मासा पाण्यात तरंगतो. स्वतःचं वजन पायांवर पेलायचं काम त्याच्या स्नायूंना नसतं, म्हणून त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजेनही फार कमी लागतं. शिजलेल्या सुरमईच्या तुकडीला बोट लावलं की पाकळ्या सुटतात. प्रत्येक पाकळी म्हणजे आखूड तंतूंचा एक थर, आणि दोन पाकळ्यांमध्ये कोलॅजेनचा अगदी पातळ पडदा. हा पडदा 50-55 अंशांच्या आसपासच आखडून विरघळू लागतो. बोकडाच्या कोलॅजेनला त्याहून पुष्कळ जास्त उष्णता आणि कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे माशाचं वय त्याच्या मऊपणावर फारसा परिणाम करत नाही. पाच किलोच्या सुरमईच्या पाकळ्या मोठ्या असतात, चिवट नसतात.

मग मोठा मासा कधीकधी भुसभुशीत, कोरडा का लागतो? बहुतेक वेळा दोष कापण्याचा आणि तव्याचा असतो. मोठी सुरमई आणली की हौसेनं दीड-दोन बोटं जाडीच्या तुकड्या करून घेतल्या जातात. मध्यापर्यंत उष्णता पोचेस्तोवर बाहेरचा थर कधीच कोरडा पडलेला असतो. कोळणीला अर्ध्या बोटाच्या तुकड्या करायला सांगाव्यात आणि शेपटीकडचा निमुळता भाग कालवणाला वेगळा ठेवावा. मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवल्यावर रवा-तांदळाच्या पिठात घोळवून मध्यम आचेवर एकेका बाजूला तीन-चार मिनिटं पुरतात. बाकी मोठ्या माशाचे फायदेच आहेत. चरबी जास्त, म्हणून चव भरलेली. बंगाल्यांना छोट्या रोहूपेक्षा तीन-चार किलोचा 'पाका' रोहू हवा असतो, त्याचं एक कारण तेल आणि दुसरं काटे. रोहू-कटल्याच्या मांसातले दुबेळकी काटे लहान माशात केसासारखे असतात, मोठ्यात हाताला सहज लागतात. जपानमध्ये चरबीचं हे वेड टोकाला गेलं आहे. 2019 च्या नववर्षाच्या लिलावात तोक्योत 278 किलोचा एक ब्लूफिन टूना 33 कोटी येनहून जास्त किमतीला गेला.

चवीच्या बाबतीत वयापेक्षा हंगामाचं वजन मोठं आहे. अंडी धरताना मासा आपल्या अंगातली चरबी आणि प्रथिनं गाभोळीत ओततो. गाभोळी भरत आलेला मासा चविष्ट, आणि अंडी टाकून मोकळा झालेला मासा लहान असो की मोठा, पाणचट. गोड्या पाण्यातल्या माशांचा चिखलट वास मात्र चरबीबरोबर वाढतो. पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळवर्गी जीवाणूंनी तयार केलेलं जिओस्मिन माशाच्या चरबीत साठतं, आणि पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तोही याच द्रव्याचा. तिथं सुखावणारा वास ताटात नको होतो. आम्लानं जिओस्मिन मोडतं, म्हणून उजनीच्या कटल्याला चिंच सढळ हातानं घालणारी बाई बरोबर करते. मुशी किंवा मोरी यांचं प्रकरण वेगळं. खाऱ्या पाण्यात तग धरायला शार्कच्या अंगात युरिया साठलेला असतो. मासा मेल्यावर जीवाणू त्याचा अमोनिया करतात. लहान, ताजी मोरी मालवणी मसाल्यात सुरेख लागते. मोठ्या शार्कचं मांस भरड असतं, आणि साफसफाईला उशीर झाला की खोलीभर दर्प पसरतो.

इथवर मोठ्या माशाची बाजू भक्कम दिसते. पण बोकडाच्या वयानं जे बिघडवलेलं असतं ते आग दुरुस्त करते. माशाच्या वयानं जे साठवलेलं असतं त्यातलं काही आगीला दाद देत नाही.

पारा हे त्याचं ठळक उदाहरण. कोळशाच्या धुरातून, खाणींतून, कारखान्यांतून पारा समुद्रात पोचतो. तळाच्या गाळातले जीवाणू त्याचं मिथिलमर्क्युरी करतात. ते प्लवकात जातं, प्लवक खाणाऱ्या तारलीत जातं, तारली खाणाऱ्या सुरमईत जातं, आणि प्रत्येक पायरीला त्याची तीव्रता वाढते. मासा ते फार हळू बाहेर टाकतो, म्हणून प्रत्येक वर्षाची भर आधीच्या साठ्यावर पडते. हा पारा चरबीत नसतो, प्रथिनांना चिकटलेला असतो. त्यामुळे कातडी सोलून, चरबी काढून, तळून किंवा उकळून तो जात नाही. जपानच्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला आणि 1956 साली पहिल्या रुग्णांची नोंद झाली. मुलं वाकड्या हातापायांची जन्मली. आपल्या पाटीतल्या सुरमईची त्या माशांशी बरोबरी नाही. पण गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांनी टाळावेत म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ज्या माशांची यादी केली आहे, तिच्यात शार्क, मार्लिन, स्वोर्डफिश यांच्याबरोबर किंग मॅकरेल आहे, आणि किंग मॅकरेल ही आपल्या सुरमईची सख्खी चुलत बहीण. बाळंतिणीच्या ताटात मोठ्या सुरमईपेक्षा बोंबील, मांदेली, बांगडा, तारली जास्त शोभतात. हे मासे थोडं जगतात, त्यांना पारा साठवायला वेळच मिळत नाही.

प्रवाळ बेटांभोवती दुसरंच विष आहे. प्रवाळावरच्या शेवाळात राहणारे सूक्ष्म जीव ते तयार करतात, लहान मासे ते चरतात आणि मोठ्या हेकरूंत, बाराकुडांत ते साठतं. 1774 साली कॅप्टन कुकच्या जहाजावरचे अधिकारी आजच्या वानुआतू बेटांपाशी असे मासे खाऊन आजारी पडले होते. या विषबाधेत गार वस्तू हाताला चटका देते, संवेदना उलट्या होतात. विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि शिजवून ते नाहीसं होत नाही. म्हणून उष्ण समुद्रातल्या पुष्कळ बेटांवर फार मोठा बाराकुडा खात नाहीत.

मोठा मासा पाण्यात राहू द्यावा याचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात जड कारण अजून सांगायचं आहे. रायगडच्या खाड्यांतला जिताडा नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. रावसाचंही तसंच. म्हणजे पाटीतला भला थोरला जिताडा ही जवळजवळ नक्की मादी. हेकरूमध्ये उलटं आहे, तिथं माद्या पुढे नर होतात, आणि मोठे मासे काढून घेतले की नरच उरत नाहीत. आणि मोठी मादी वजनाच्या प्रमाणात अंडी देते, ही समजूतही खरी नाही. ती प्रमाणाबाहेर जास्त देते. 2018 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार अटलांटिक कॉडची 30 किलोची एक मादी 2 किलोच्या 28 माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते. त्या 28 माद्यांचं वजन एकत्र 56 किलो भरतं.

बाजार नेमका याच्या उलट ओढतो. घोळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, कोळ्यांच्या भाषेत बोताला, पूर्व आशियात सोन्याचा भाव आहे, आणि मासा जितका मोठा तितका बोत मोठा. 2021 साली पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात एकाच वेळी 157 घोळ आले आणि ते सव्वा कोटी रुपयांहून जास्त किमतीला विकले गेले. त्या माणसाचं नशीब उघडलं याचा आनंद मलाही आहे. पण एका फेरीत पुनरुत्पादनाच्या वयातले दीडशे मासे गेले, हेही तितकंच खरं. दुसऱ्या टोकाला पिल्लं मारली जातात. महाराष्ट्रानं 2023 साली पापलेटला राज्यमासा ठरवलं आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. खालची मर्यादा आली हे चांगलं झालं. पावसाळ्यातली 61 दिवसांची बंदीही आहे. वरची मर्यादा, म्हणजे अमुक आकारापेक्षा मोठा मासा परत पाण्यात सोडावा असा नियम, अमेरिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत गळ टाकणाऱ्यांसाठी आहे. जाळ्यात गुदमरून आलेल्या माशासाठी असा नियम उपयोगाचा नाही, त्यासाठी अंडी घालण्याच्या जागाच राखून ठेवाव्या लागतील. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे कुणी धरत नाही, आणि तिथं हातभर लांबीचे महसीर आजही बघायला मिळतात.

गिऱ्हाइकानं काय करावं? सुरमई दीड-दोन किलोची घ्यावी, रावस किलोभराचा. या वयात चरबी आलेली असते, तुकड्या तव्यात बसतात आणि पाराही कमी असतो. जिताडा घ्यायचा तर तळ्यातला घ्यावा. पेण-अलिबागकडे खारजमिनीतल्या घरामागच्या तळ्यात जिताड्याची पिल्लं सोडायची आणि दीड-दोन वर्षांनी काढायची, ही जुनी पद्धत आहे. पूर्वी ती पिल्लं पावसाळ्यात खाडीतूनच धरून आणावी लागत. चेन्नईच्या केंद्रीय निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं 1997 साली जिताड्याचं प्रजनन हॅचरीत घडवून आणलं, तेव्हापासून तळ्यांना पिल्लं विकत मिळण्याची सोय झाली. तिथं मोठ्या माद्या अंड्यांसाठी वर्षानुवर्षं सांभाळतात, आणि तळ्यात वाढलेला जिताडा किलो-दीड किलोचा झाला की बाजारात येतो.